नाव नसलेले दुखणे



दिंडीत चालताना, पंगतीत बसल्यावर किंवा सप्ताहाच्या मांडवात एक प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा कानावर येतो. विचारणारा बहुधा हळू आवाजात विचारतो. "महाराज, दोन वर्षे झाली. अंग दुखते, संध्याकाळी कणकण येते, चार पावले चालले की दम जातो. तीन डॉक्टर झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, तुला काही झालेले नाही. भावकी म्हणते, बाहेरचे आहे. कोणी म्हणते, माळ घातलीस ना, मग नाम घे आणि गप्प राहा. मी परत डॉक्टरकडे गेलो, तर माझा पांडुरंगावर विश्वास नाही असे होईल का?"

या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिला आजारी माणसाचा: दुखण्याचे मूळ शोधत राहावे की नाही, आणि शोधायचे तर कुठवर? दुसरा तुमचा-आमचा, म्हणजे त्याच्या भोवतीच्यांचा: जे दुखणे कोणत्याही कागदावर उमटत नाही, ते खरे मानावे की नाही? दोन्हींचा विचार परमार्थाच्या अंगाने करायला हवा. कारण यात चूक झाली तर एक माणूस दुखण्याने खचतो आणि त्याच्या भोवतीची माणसे निर्दयतेचे पाप नकळत पदरी घेतात.

रोगाला नाव मिळाले की रोग बरा होत नाही, हे खरे. पण नावाने माणसाला समाजात जागा मिळते. मधुमेह आहे म्हटले की पंगतीत वाढणारा लाडू पुढे नेतो. हृदयाचे ऑपरेशन झाले म्हटले की दिंडीत त्याची पिशवी दुसरा कोणी घेतो. ज्याच्या दुखण्याला नाव नाही, त्याला ना पथ्य, ना रजा, ना कुणाचा हात. त्याला दोन दुखणी सोसावी लागतात. एक अंगातले आणि दुसरे आपले म्हणणे कोणी खरे न मानण्याचे. पुष्कळांना दुसरेच अधिक जड जाते.

आता आपल्याच मंडळींकडून जे आक्षेप येतात, ते एकेक पाहू.

पहिला आक्षेप असा, की देह नाशवंत आहे, त्याचे कौतुक काय करायचे? देह नाशवंत आहे यात वादच नाही. पण संतांनी नरदेह दुर्लभ म्हटला तोही हाच. वीणाही लाकडाचीच आणि पखवाजही कातड्याचाच. तरी पखवाज नीट बोलेनासा झाला की वाजवणारा काय करतो? पुडी फाटली आहे का, वादी सैल पडली आहे का, कणीक वाळली आहे का, हे एकेक करून तपासतो. हातोडी घेऊन ठोकून पाहतो. "नाहीतरी एक दिवस फुटणारच" असे म्हणून तो बेसूर पखवाजावर कीर्तनाला उभा राहत नाही. देह हे भजनाचे साधन आहे. साधन बिघडले तर त्याचे कारण शोधणे हे देहाचे लाड नव्हेत. लाड करणे वेगळे आणि निगा राखणे वेगळे.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. हा शब्द आपण फार सहज वापरतो. प्रारब्धाचा विचार संतांनी सांगितला तो मुख्यतः आपल्या स्वतःच्या दुःखात धीर यावा म्हणून. तो शब्द दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारायला नाही. माझ्या वाट्याला आले ते मी प्रारब्ध म्हणून सोसेन. तुमच्या वाट्याला आले तर मला प्रारब्ध हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही, तेथे दयाच हवी. महारोगाचे उदाहरण पाहा. कुष्ठ झालेल्या माणसाला पूर्वजन्मीचा पापी ठरवून पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर काढले गेले. 1873 साली नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांना त्या रोगाचा जंतू दिसला. पुढे औषधे निघाली, आणि आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या औषधांनी सहा महिने ते वर्षभरात कुष्ठ बरा होतो. ज्याला पाप म्हणून लोक दूर बसवत होते, तो जंतू होता. ज्यांनी पाप म्हटले त्यांचे शब्द मात्र मागे उरले. म्हणून कारण माहीत नसताना दुसऱ्याच्या दुखण्याला कारण चिकटवू नये. "माहीत नाही" असे म्हणायला वारकऱ्याला लाज कसली?

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत अवघड: नामाने सर्व होते, मग औषध कशाला? माउली, नाम हा सौदा नव्हे. नामाच्या बदल्यात देवाकडून गुडघा बरा करून घ्यायचा, हा नवसाचा मार्ग झाला, आणि नवससायासांवर तुकोबारायांनी किती कोरडे ओढले ते आपण जाणतो. नाम घेणारा शेतकरी पेरणी सोडत नाही आणि नाम घेणारी माउली चूल विझवत नाही. मग नाम घेणाऱ्या आजाऱ्यानेच दवाखाना का सोडावा? नाम दुखण्याच्या सोबतीला असते, तपासणीच्या आड येत नाही.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे दुःखाने व्याकूळ झालेला, जिज्ञासू म्हणजे जाणू इच्छिणारा. तेथे जिज्ञासा मुख्यतः भगवत्तत्त्वाची आहे, हे मान्य. पण खरे काय ते जाणल्याशिवाय समाधान न मानणारी वृत्ती तीच आहे. ज्याला आपल्या दुखण्याचे मूळ सापडत नाही, तो आर्तही असतो आणि जिज्ञासूही. त्याचे कण्हणे देव ऐकतो आणि त्याचे विचारणेही देव ऐकतो. भगवंतांनी ज्ञानी आपल्याला अधिक प्रिय म्हटला खरा, पण उदार मात्र चौघांनाही म्हटले. मग आपण "सारखे दुखणेच सांगतो" म्हणून त्याला हीन ठरवणारे कोण?

आता तो "नॉर्मल रिपोर्ट" म्हणजे काय, ते समजून घेऊ. रक्ताची एक तपासणी एका प्रश्नाचे उत्तर देते. थुंकी तपासली आणि क्षयाचे जंतू दिसले नाहीत, तर थुंकीत ते दिसले नाहीत एवढेच कळले. क्षय मणक्यात, आतड्यात किंवा गाठीत असेल तर थुंकी स्वच्छच येणार. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ "यांपैकी काही नाही" असा होतो. "तुला काहीच नाही" असा होत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर पुष्कळ घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही.

आपले जुने वैद्य याबाबत फार नम्र होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असा आशय आहे, की एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने कधी लाजू नये, कारण सगळ्या विकारांना ठरलेली नावे असतातच असे नाही. त्याने दोष कोणता, कारण कोणते, स्थान कोणते हे पाहून उपचाराला लागावे. केवढी मोठी मोकळीक आहे ही! वैद्याला नाव ठाऊक नसेल, तरी रोग्याचे दुखणे खरेच असते. नाव न सापडणे ही आपल्या ज्ञानाची मर्यादा आहे, रोग्याचा खोटेपणा नव्हे.

नाव नसताना रोग कसा असतो, याची एक गोष्ट सांगतो. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे बेट आहे. तेथील इंग्रज फौजेतल्या शिपायांना एक विचित्र ताप येई. चढे, उतरे, काही दिवस जाई आणि पुन्हा येई. रात्री घामाने अंथरूण भिजे, सांधे आणि पाठ दुखे. महिनोन्‌महिने माणूस उठत नसे. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला त्याचा जंतू सापडला. पण जंतू येतो कुठून, हे कळायला 1905 साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत तो रोग होता आणि शिपाई त्यांचे दूध पीत होते. दूध बंद केले आणि शिपायांमधला ताप ओसरला. जंतू सापडल्यावरही मूळ हाती लागायला अठरा वर्षे गेली. त्या अठरा वर्षांत ज्यांना ताप आला, त्यांचा ताप काही खोटा नव्हता.

ही गोष्ट दूरची वाटेल, पण तो रोग आपल्या गोठ्यातही आहे. त्याला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय किंवा म्हैस गाभडते, घरचा माणूस उघड्या हाताने वार काढतो, किंवा पोरे निरसे दूध पितात. पुढे काही आठवड्यांनी कणकण, घाम, कंबरदुखी आणि न जाणारा थकवा सुरू होतो. टायफॉइडची तपासणी होते, मलेरियाची होते, छातीचा फोटो निघतो. सगळे नॉर्मल. कारण या रोगासाठी रक्ताची वेगळी तपासणी सांगावी लागते, आणि डॉक्टरला ती तेव्हाच सुचते, जेव्हा कोणी सांगते की आमची गाय गाभडली होती. पण हे सांगणार कोण? गाईच्या गाभडण्याचा आपल्या कंबरेशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. रोग कळला तर दोन औषधे मिळून निदान सहा आठवडे घ्यावी लागतात आणि बहुतेक माणूस बरा होतो. न कळला तर तोच माणूस "आळशी झाला", "कामचुकार झाला" असे ऐकत वर्षे काढतो.

माळकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण शाकाहारी. बी-12 नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून काही मिळते, पण पुष्कळदा ते पुरत नाही. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, तोल जातो, जीभ सोलल्यासारखी होते, विसर पडतो. हिमोग्लोबिन चांगले असतानाही हे होऊ शकते, म्हणून साध्या तपासणीत सुटून जाते. फार दिवस सुटले तर नसांचे झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. आणि यासाठी माळ काढण्याची काही गरज नाही. हे औषध सूक्ष्म जिवाणूंपासून तयार करतात, त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शने मिळतात. वारीत पाय बधिर झाला तर "चालून झाला असेल" म्हणून सोडून देऊ नका.

आणि माय-बहिणींचे दुखणे! पाळीच्या वेळी असह्य वेदना होणारी मुलगी "सगळ्यांनाच होते" हे उत्तर ऐकत मोठी होते. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एक आजार आहे, एंडोमेट्रिओसिस त्याचे नाव. तो सोनोग्राफीत दिसेलच असे नाही आणि त्याचे निदान व्हायला कित्येकींना अनेक वर्षे लागतात. त्या वर्षांत तिने स्वयंपाक केलेला असतो, पाणी भरलेले असते, तुळस डोक्यावर घेऊन वारीही केलेली असते. काम करते आहे म्हणजे दुखत नाही, असा अर्थ आपण काढतो. ती काम करते, कारण तिला बसायला कोणी सांगितलेले नसते.

"हे मनाचे आहे" या वाक्याचाही विचार करू. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे. उदासीनतेच्या आजारात पाठ, डोके, पोट खरोखर दुखते, झोप जाते, अन्न जात नाही. त्यालाही डॉक्टर आहेत, औषध आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मनाचा आजार हा तपासून, बोलून ठरवायचा असतो. बाकी काही सापडले नाही म्हणून उरलेले सगळे मनावर ढकलायचे, ही तपासणी नव्हे. आणि मनाचे असले तरी "मग काही नाही" असे कसे होईल? ज्याला आपण मनाने शरण जायचे म्हणतो, त्या मनाची वेदना आपल्याला किरकोळ कशी वाटते?

मग आजारी माणसाने करावे काय? काही साध्या गोष्टी सांगतो. हरिपाठाची वही जशी ठेवता, तशी दुखण्याची एक वही ठेवा. ताप कधी आला, किती अंश होता, काय खाल्ल्यावर किंवा काय केल्यावर वाढला, कशाने उतरला, वजन किती, हे तारीखवार लिहा. जुने सगळे कागद एका फायलीत क्रमाने लावा. डॉक्टरला आपला धंदा सांगा: फवारणी करता का, जनावरे आहेत का, पाणी कुठले पिता. घेतलेले प्रत्येक औषध सांगा, गावच्या वैदूची पुडीसुद्धा लपवू नका. आणि दोन प्रश्न नम्रपणे विचारा: "हे नसेल तर आणखी काय असू शकते?" आणि "कोणती खूण दिसली तर मी लगेच यावे?" कारण नसताना वजन उतरणे, रोजचा ताप, कुठूनही रक्त जाणे, घास अडकणे, एका बाजूची शक्ती जाणे, धाप लागणे, या खुणा दिसल्या तर वाट पाहत बसू नये. दर महिन्याला नवा डॉक्टर करण्यापेक्षा ऐकून घेणारा एक धरावा आणि त्याच्या सल्ल्याने मोठ्या रुग्णालयात जावे. नीट सांगणे हीही एक साधनाच आहे. त्यात वाढवणे नको आणि लपवणेही नको.

शोधालाही मर्यादा हवी. पतंजलींनी योगातले नऊ अंतराय सांगितले, त्यात पहिला व्याधी आहे आणि तिसरा संशय. व्याधीचा पाठलाग करता करता माणूस संशयाच्या हाती सापडतो. मग रात्रंदिवस तेच, प्रत्येक कळीत मरण दिसते, आणि एखादा भोंदू "मी नाव सांगतो" म्हणत दारात उभाच असतो. तो करणी सांगेल, पितर सांगेल, हजारो रुपयांची पूड देईल. हताश माणसाला खोटे नावही हवेहवेसे वाटते, म्हणून तेथे सावध राहा. डॉक्टरांच्या वेळेला डॉक्टर, वहीच्या वेळेला वही, आणि उरलेला दिवस हरीचा, संसाराचा, लेकरांचा. शोध चालू असला तरी जगणे थांबवू नये.

आता सोबत्यांचे कर्तव्य. आपल्या संप्रदायाचा पायाच मुळी एका सेवेच्या गोष्टीवर उभा आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, म्हणून दारी आलेल्या देवाला त्याने विटेवर थांबवले. आईबापांना काय झाले आहे, कोणता रोग आहे, याचा दाखला पुंडलिकाने मागितला, असे कोणत्याही कथेत नाही. त्यांना सेवा हवी होती, एवढे त्याला पुरले. तुमच्या घरातले कोणी दुखते म्हणत असेल, तर पहिले पाऊल एवढेच: "दुखते ना? मग चल, बघू." दवाखान्याच्या रांगेत त्याच्याबरोबर बसा. आत गेल्यावर त्याला सांगायचे सुचणार नाही, ते तुम्ही आठवून द्या. त्या रांगेत बसण्यासाठी एखादे दिवशी काकडा चुकला, तर विटेवरचा रागावणार नाही. त्याला थांबायची सवय आहे.

आणि सगळे करूनही नाव सापडले नाही तर? असेही होते. काही दुखणी वर्षानुवर्षे अनाम राहतात, काही कायमची. अशा वेळी कूर्मदासांची कथा आठवावी. हातपाय नसलेला तो भक्त पैठणहून पंढरीला निघाला, सरपटत, लोळत, मजल दरमजल. लऊळ गावापर्यंत आला आणि पुढे जाणे होईना. तेव्हा पांडुरंगच पंढरीहून त्याच्याकडे आले, असे परंपरा सांगते. या कथेत कूर्मदासांचा देह बरा झाला, असे कोणी सांगत नाही. उरलेली वाट देव चालला, असे सांगतात. ज्याचे दुखणे बरे झाले नाही, त्याचीही वारी पूर्ण होते, एवढा धीर या कथेतून घ्यावा. पण कूर्मदास आपल्याला जमेल तेवढे अंतर चालले होते, हेही विसरू नये. आणि आज ज्याला चालवत नाही, त्याच्याकडे उरलेली वाट चालत जाण्याचे काम देवाने आपल्याकडे दिले आहे.

आपल्या मराठीत "निदान" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वैद्याच्या घरी निदान म्हणजे रोगाचे मूळ ओळखणे. आपल्या बोलण्यात निदान म्हणजे कमीत कमी. पहिले निदान सर्वांच्या हाती नसते. त्याला विद्या लागते, यंत्रे लागतात, पैसा आणि वेळ लागतो. दुसरे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. निदान ऐकून घ्यावे, निदान खोटे म्हणू नये, निदान बरोबर जावे.

येत्या एकादशीला आपल्या घरात, गल्लीत, दिंडीत असे कोण आहे ते आठवा आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. आणि ते दुखणे तुमचेच असेल, तर ते उद्या पुन्हा एकदा नीट सांगा, संकोच करू नका. ऐकणाऱ्याला कान आणि सांगणाऱ्याला बळ मिळो, हेच पंढरीनाथाच्या चरणी मागणे.

रामकृष्णहरी.